विजेचं ऊन

ऊन विकत घ्यायला कुणी एस.टी.नं नगरला जातं, ही गोष्ट आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, शेवटपर्यंत पटली नाही. "आपल्या वावरात काय कमी पडलंय का त्ये?" असं ते जेवता जेवता विचारायचे आणि आई त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकायची. बोलणं त्यांचं खरं होतं. एकाहत्तर-बहात्तरची ती वर्षं. आमच्या सोनईच्या शिवारात उन्हाशिवाय दुसरं काही पिकतच नव्हतं. बाहेर पडताना आई मला डोक्यावरून पदर घे, तोंड झाक, काळी पडशील म्हणून ओरडायची, आणि तीच आई दर बुधवारी मला नगरला घेऊन जायची आणि विजेच्या उन्हाखाली झोपवायची. यातलं खरं कुठलं धरायचं, हे मला कळत नव्हतं.

कारण होतं माझं तोंड. मी एकोणीस वर्षांची होते, मॅट्रिक होऊन घरात बसले होते आणि गालांवर, कपाळावर, हनुवटीवर मुरमांचं पीक आलं होतं. एक जाई, त्याच्या जागी दोन येत. त्यातच माझं लग्न ठरलं. मुलगा राहात्याकडचा, साखर कारखान्यात कारकून. मला बघायला आले तेव्हा आईनं माझ्या तोंडाला इतकी पावडर थापली होती की मला शिंक आली तर काय होईल, या भीतीनं मी मान वर केलीच नाही. त्यामुळे मुलगा कसा दिसतो ते मला ठाऊक नव्हतं. त्याच्या आईचे पाय तेवढे बघितले होते, जोडवी घातलेले, टाचा भेगाळलेल्या. सुपारी फुटली, तुळशीच्या लग्नानंतरची तिथी धरायचं ठरलं. मग आईला घोर लागला. पावडर तेव्हा निभली, पण हळदीच्या दिवशी पाच जणी मिळून तोंडाला हळद चोळणार, त्यांच्या हाताला मुरमं लागणारच. "हळद लागायच्या आत तोंड नितळ झालं पायजे," एवढंच ती म्हणत होती.

जायफळ उगाळून लावलं, मुलतानी माती लावली, कुणीतरी सांगितलं म्हणून कडुलिंबाचा पाला वाटून लावला. मुरमं जागची हलली नाहीत. मग शाळेतल्या एका मास्तरांनी आण्णांना नगरच्या दवाखान्याचं सांगितलं. पुण्याचे एक कातडीचे डॉक्टर दर बुधवारी तिथं बसतात, त्यांच्याकडे एक दिवा आहे, त्याच्या प्रकाशानं मुरमं वाळतात. आण्णा हसले. आई हसली नाही. तिनं पुढच्याच बुधवारी मला पहाटेच्या गाडीत बसवलं.

दवाखाना कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत, माडीवर होता. जिन्यात अंधार, वर एक लांब बाक. बाकावरची माणसं बघून मला पहिल्यांदा गोंधळायला झालं. मला वाटलं होतं, माझ्यासारख्याच मुरमं आलेल्या पोरी असतील. तिथं एक शाळकरी मुलगा तसा होता खरा, पण बाकीच्यांनी तोंडं झाकलेली, हात पदराखाली, एका म्हाताऱ्यानं तर उपरणं डोळ्यांपर्यंत ओढलेलं. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मी आईला विचारलं, "यांना काय झालंय गं?" आई म्हणाली, "गप बस. दवाखान्यात इचारू नाय." तिलाही ठाऊक नव्हतं, हे मला खूप उशिरा कळलं.

डॉक्टर घाईत बोलायचे. त्यांनी माझी हनुवटी उजेडाकडे वळवली आणि सांगितलं की उन्हात जो डोळ्यांना न दिसणारा भाग असतो तो या दिव्यात आहे, त्यानं कातडी लाल होईल, मग तिचा पापुद्रा सुटेल, त्याबरोबर मुरमंही वाळत जातील. रंग काही दिवस काळवंडेल, पण तो परत येईल. आईनं यातलं पहिलं तेवढं ऐकलं. शेवटचं वाक्य डॉक्टर बोलले तेव्हा ती पिशवीतून माझ्यासाठी पाण्याची बाटली काढत होती. मी सगळं ऐकलं होतं, पण काळवंडेल म्हणजे किती, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

आतल्या खोलीत एक अरुंद पलंग, त्यावर उभ्या दांड्याला लावलेला दिवा. कंपाउंडरनं माझ्या डोळ्यांवर काळा चष्मा चढवला, कातड्याच्या काठाचा, डोळ्यांना घट्ट बसणारा. मग खटका दाबल्याचा आवाज आणि एक वास. वीज कडाडून गेल्यावर हवेला येतो, काहीसा तसा. मला वाटलं होतं चांगलंच पोळेल, पण तिथं नुसतं ऊबदार वाटत होतं, आणि कंपाउंडर घड्याळ हातात धरून शेजारी उभा. पहिल्या दिवशी एवढ्याशानं काय होणार, असं मनात म्हणत मी खाली उतरले. घरी येईतो संध्याकाळी तोंड मिरची चोळल्यासारखं भगभगायला लागलं.

त्यानंतरचे काही आठवडे माझ्या तोंडाचं नेमकं काय चाललं होतं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. कातडी सुटायची. मुरमं खरोखरच वाळायला लागली, कपाळ मोकळं झालं, आणि त्याच वेळी मी काळी पडले. आमच्या ज्वारी काढणाऱ्या बायका काढणीच्या शेवटी होतात तितकी. फक्त डोळ्यांभोवती, जिथं चष्मा बसायचा, तिथं माझा मूळचा गोरा रंग तसाच राहिला. दोन गोल, ठळक, पांढरेफटक वाटणारे. आरशात बघितलं की मला हसू यायचं आणि पाठोपाठ रडूही यायचं. बरी होतेय की बिघडतेय? आण्णा म्हणाले, "घुबडावानी दिसाया लागली पोरगी." आई त्यांच्यावर डाफरली, पण तिचाही जीव खालीवर होत होता. मुरमं जाऊन नवरी काळी झाली, तर हा सौदा कुणी सांगितला होता?

म्हणून तिनं तिच्या डोक्यानं उपाय केला. काळेपणावर लिंबू, हे तर सगळ्यांनाच ठाऊक. एका बुधवारी सकाळी गाडी पकडायच्या आधी तिनं अर्धं लिंबू माझ्या दोन्ही गालांवर आणि गळ्यावर खसाखसा चोळलं आणि धुऊ दिलं नाही. "ऱ्हाऊ दे, मुरू दे," म्हणाली. तसंच चिकट तोंड घेऊन मी दिव्याखाली झोपले. दोन दिवसांनी जिथं जिथं रस ओघळला होता, तिथं तिथं गालावरून गळ्यापर्यंत तपकिरी चट्ट्यांचे पट्टे उठले. पुढच्या वेळी डॉक्टर बघतच राहिले. "काय लावलं होतं?" आईनं सांगितलं. डॉक्टर इतके ओरडले की बाहेरच्या बाकावरची कुजबुजसुद्धा थांबली. "लिंबू लावून या दिव्याखाली कुणी येतं का? कातडी भाजते त्यानं!" आई खाली मान घालून उभी होती. मला तिची दया आली आणि तिचा रागही आला, दोन्ही एकदम. पट्टे जातील, पण वेळ लागेल, असं डॉक्टर म्हणाले. तर आता मी काळी होते, काळ्यावर तपकिरी पट्टे होते, पट्ट्यांच्या मधली जागा फिकी दिसत होती आणि डोळ्यांभोवती दोन पांढरे गोल. मुरमं मात्र नव्हती!

आणि मग गावातल्या बायका विचित्र वागायला लागल्या. विहिरीवर कुणी माझ्या बोटांच्या टोकांकडे बघायची, कुणी ओठांकडे. एकीनं बोलता बोलता माझी बाही वर सारून कोपर बघितलं आणि "कसली छान नक्षी हाय बांगडीची" असं म्हणाली. बांगडी मनगटात होती. एका हळदीकुंकवाला मला कुंकू लावताना एकीचा हात मध्येच थांबला. मला वाटायचं, लग्न ठरलेल्या मुलीला सगळे असेच निरखत असतील. कुणाला विचारणार? आईला विचारलं की ती म्हणायची, तुझं डोकं फिरलंय.

शेवटी माझ्या चुलतीनं तोंड उघडलं. ती दुपारी येऊन चुलीपाशी बसली आणि आईला म्हणाली, "जाऊबाई, रागावू नका, पर गावात बोलत्यात. पोरीला कोड हाय म्हनून."

आईच्या हातातलं पीठ परातीत पडलं. चुलतीनं पुढं सांगितलं ते असं, की नगरच्या त्या माडीला सगळे कोडाचा दवाखाना म्हणतात. त्या दिव्याखाली कोडाची माणसं बसतात, आधी डागांवर बावचीचं तेल लावून. आमच्या गावच्या कुणीतरी आम्हाला तो जिना चढताना बघितलं होतं. आणि त्यात पोरीच्या डोळ्यांभोवतीचे ते पांढरे गोल. आणखी काय पुरावा पाहिजे?

आता मला बाकावरची झाकलेली तोंडं कळली. तोच दिवा, तेच डॉक्टर, त्यांना डाग भरून यायला आणि मला मुरमं वाळायला. आण्णा म्हणाले, "मंग सांगू की राहात्याला, मुरमं हायती म्हनून. त्यात काय लाजायचं?" आई त्यांच्यावर उसळली. "आपून हून सांगाया गेलो तर त्यास्नी वाटंल, काय तरी हाय म्हनूनच आले." माझ्या डोक्यात तर भलतंच सुरू झालं होतं. मला खरंच कोड नाही, हे मला कसं ठाऊक? डॉक्टरांनी कुठं तसं म्हटलं होतं? त्यांनी फक्त मुरमांचं नाव घेतलं होतं. दार लावून मी माझे हात, पाय, पोट तपासायला लागले. रोज एक नवा डाग सापडायचा. कधी तो भाकरीच्या पिठाचा निघायचा, कधी साबणाचा. धुतला की हायसं वाटायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मला खरोखर भीती वाटत होती.

त्या बुधवारी डॉक्टरांना मी विचारलंच. ते पहिल्यांदाच हसले. "तुला कोड नाही. हे चष्म्याचे गोल आहेत, भरून येतील. तुझे मुरूमही गेले. आता यायचं कारण नाही." मी जिना उतरले तेव्हा मला उडत जावंसं वाटत होतं. पण आई काही हलकी झाली नाही. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, राहात्याला कोण सांगणार?

चारच दिवसांनी राहात्याहून माझी होणारी सासू आली. एकटी. बरोबर ना नवरा, ना दीर, ना कुठली जाऊ. हातात कापडी पिशवी, तीत शिकेकाई आणि खोबरेल तेल. बायका अशा एकट्या येत नसत. आईची धांदल उडाली. पाणी, गूळ, चहा झाला, आणि मग ती बाई म्हणाली, "सुनंला आज माज्या हातानं न्हाऊ घालावं म्हनते, ईनबाई."

आईला अर्थ कळला, मलाही कळला. नवरी मुलीला न्हाऊ घालायच्या मिषानं अंगावर काही खोड आहे का ते बघायची रीत होती, आणि ती अशीच गोड बोलून पार पाडायची असायची. आईनं मला न्हाणीकडे नेताना कानात सांगितलं, "लाजू नको. समदं बघू दे तिला. आपल्याला लपवाया हायेच काय?" मला संताप आला होता. बाजारात बैल घेतात तेव्हा दात बघतात. मला न्हाणीत बघणार होते. आमची न्हाणी म्हणजे परसातला चार कुडांचा आडोसा, आत पाण्याचा हंडा आणि बसायला दगड. आत गेल्यावर तिनं दाराची कडी लावली.

मी मुद्दाम ताठ उभी राहिले. बघ काय बघायचं ते, असं मनात होतं. पण ती बघेचना. तिनं मला दगडावर बसवलं, माझे केस सोडले, शिकेकाई चोळायला लागली. हात खरखरीत होते पण लावणं हलकं होतं. माझ्या अंगाकडे तिनं नजरसुद्धा वळवली नाही. मग एकदम, माझ्या मागूनच, अगदी हळू आवाजात म्हणाली, "त्या लाईटखाली भाजतं का गं लई?"

मी म्हटलं, "थोडं. मग भगभगतं."

"आन् फरक किती दिसांत पडला?"

हे काय विचारतेय, मला समजेना. मी मागं वळले. ती उठली, दाराची कडी पुन्हा एकदा चाचपून बघितली आणि माझ्यासमोर उभी राहून तिनं चोळीची गाठ सोडली. छातीखाली, बरगडीवर, तळहाताएवढा पांढरा डाग होता. त्याच्या वर आणखी दोन लहान, गळ्याकडे निघालेले.

"धाकटीच्या बाळंतपनापासनं हाय," ती म्हणाली. "मालकास्नी ठावं हाय. लेकराला न्हाई, जावंला न्हाई, कुनालाच न्हाई. आता वर चढाया लागलंय. गळ्याच्या वर आलं की संपलं. धाकटी लग्नाची हाय. आईला कोड म्हनल्यावर कोन करील तिला?"

शिकेकाईचं पाणी डोळ्यांत जात होतं. ती बोलतच राहिली. माझं कानावर आलं तेव्हा तिची जाऊ म्हणाली सुपारी मोडा, दीर म्हणाले मोडा. तिनं म्हटलं, मी स्वतः बघून येते. "खरं सांगू का पोरी, समदी नावं ठेवत हुती आन् मला बरं वाटलं. मनात आलं, घरात माज्यासारकी कोन तरी येती."

मी तिला खरं सांगितलं. सांगायलाच पाहिजे होतं. "आत्याबाई, मला कोड नाही. माझ्या तोंडावर मुरमं होती. हे डोळ्यांभोवतीचं चष्म्याचं आहे."

"चष्म्याचं?"

"दिव्याखाली घालतात तो."

"चष्म्याचं व्हय," ती म्हणाली. तिनं चोळीची गाठ मारली. मग तांब्या उचलला आणि माझ्या डोक्यावर पाणी ओतत राहिली, केसांतून शिकेकाई केव्हाच निघून गेली होती तरी. "मंग सुटलीस गं बाई तू," ती म्हणाली. "चांगलं झालं." आणि बऱ्याच वेळानं, "तुज्या आईला सांगितलंस तरी मी तुला बोल लावायची न्हाई. लेकीच्या आईनं इचार करायाच पायजे."

मी कोरडी होऊन बाहेर आले तेव्हा आई ओसरीवर उभी होती. माझ्या मागून आत्याबाई आल्या तशी आईला जणू बळ आलं. इतक्या दिवसांचं दाबून ठेवलेलं सगळं तिच्या तोंडून बाहेर पडलं. "बघितलंत ना, ईनबाई? माज्या लेकीच्या अंगावर तिळाएवढा डाग न्हाई. अवो, असं काय असतं तर आमी हून सांगितलं असतं. कोडाच्या घरात आमी तरी आमची लेक दिली असती का?"

आत्याबाई "न्हाई, खरंय" असं म्हणाल्या आणि पदर गळ्याशी घट्ट धरून भिंतीशी टेकून बसल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या आता माझ्या तोंडून काय निघतं त्याची वाट बघत होत्या, हे मला दिसत होतं. आईला सांगावं का? सांगितलं तर हे लग्न त्याच दिवशी मोडलं असतं, आणि मोडू नये असं वाटायला मी त्या मुलाचं तोंडदेखील बघितलं नव्हतं. ते कोड आनुवंशिक असतं का, मला होईल का, माझ्या लेकरांना होईल का, यातलं काहीही मला ठाऊक नव्हतं. डोक्यात नुसता कालवा चालला होता. आणि त्या कालव्यात मी बोलून गेले, "आई, बुधवारी आत्याबाईंना दवाखान्यात घेऊन जाते मी. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की त्यांच्या घरच्यांचीही खात्री पटेल."

आईला हे फारच आवडलं. "बघा, पोरगी कशी हुशार हाय," ती म्हणाली. आत्याबाईंनी तेव्हा माझ्याकडे बघितलं. मी असं का बोलले, हे मी पुढं कितीदा तरी स्वतःला विचारलं आहे. चांगुलपणा म्हणावा, तर तेव्हा मला तसं काही वाटल्याचं आठवत नाही. मला फक्त तो हलका हात आठवतो आणि दाराची कडी चाचपणं.

बुधवारी त्या राहात्याच्या गाडीनं आल्या, मी सोनईच्या. नगरच्या स्टँडवर भेटलो आणि दोघी जिना चढलो, मी पुढं, त्या मागं. मी डॉक्टरांना दाराशीच गाठून हळूच सांगितलं की पेशंट या आहेत. त्यांनी फक्त मान हलवली आणि आत्याबाईंना आत घेतलं. पुढं लग्नापर्यंत दर बुधवारी हेच चाललं. आईला सांगितलं, पट्ट्यांसाठी अजून थोडे दिवस जावं लागेल. राहात्याला बायका म्हणाल्या, सासू असावी तर अशी, सुनेचं कोड बरं करायला स्वतः हेलपाटे घालते. आत्याबाईंनी घरी शंभरदा सांगितलं की सुनेला कोड नाही. कुणाला पटलं, कुणाला नाही. पण मामंजी सुपारी मोडायचं नाव काढू देईनात, आणि ते का, हे आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. डाग पूर्ण कधीच गेले नाहीत, पण गळ्याच्या वर मात्र आले नाहीत. ते दिव्यामुळे की आपोआप, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

त्या पहिल्या बुधवारी आत्याबाई आत गेल्या आणि मी बाहेर एकटी उभी राहिले. बाकावर पदर ओढून बसलेली एक बाई होती, साधारण माझ्याच वयाची. तिनं माझ्या डोळ्यांभोवतीच्या गोलांकडे बघितलं, मग आजूबाजूला बघितलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "तुला बी हाय का गं?"

आतून खटक्याचा आवाज आला.

"हो," मी म्हणाले.

ती बाकावर सरकली आणि तिनं मला शेजारी बसायला जागा केली.